अहो, पण एवढा मोठा कोनमापक?

तैमूरलंगाच्या नातवाचं कळलं का? आजोबांनी आयुष्यभर मुलूख जाळले, कवट्यांचे मनोरे रचले, दिल्ली लुटून नेली. घराण्याचं म्हणून एक नाव होतं. आणि नातू उलुग बेग, समरकंदच्या गादीचा धनी, त्याने काय केलं? कोनमापक बांधला. हो, बांधला, गवंडी, सुतार, पाथरवट लावून. शहराबाहेरच्या टेकडीत खोल चर खणला, वर तीन मजल्यांची गोल इमारत चढवली आणि आत उत्तर-दक्षिण अशी एक संगमरवरी कमान बसवली, तिची त्रिज्या साधारण 40 मीटर! भर दुपारी झरोक्यातून उन्हाचा कवडसा त्या कमानीवर पडायचा, आणि तो कुठल्या अंशावर पडला हे बघायला दरबारचे पंडित पायऱ्या चढत-उतरत असायचे. पंधराव्या शतकातली गोष्ट ही. दुर्बीण यायला अजून दोनशे वर्षं होती.

तुम्ही म्हणाल, बिचारा अभ्यास करत होता, त्यात वाईट काय? वाईट काही नाही हो, पण प्रमाण बघा ना. मुलांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर एक अंश जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. समरकंदच्या कमानीवर एक अंश म्हणजे 70 सेंटिमीटर. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, ती कंपासपेटीत डोळे फोडले तरी दिसायची नाही. इथे ती सेंटिमीटरहून मोठी. एवढीच काय ती या खुळाची मेख. आकाशात काही वाढवता येत नाही, तेव्हा इथली पट्टी वाढवा! डोळा तोच ठेवून कोन बारीक मोजायचा, तर यंत्र मोठं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि मोठं करायचं म्हटलं की खजिन्याची किल्ली लागायची. म्हणून हा नाद राजेलोकांनाच परवडला.

दरबारातल्या आतल्या खबरा आपल्याला कळतात त्या घरभेद्यामुळे. ग्यासुद्दीन अल-काशी हा तिथला मोठा गणिती. त्याने काशानला वडिलांना पत्रं लिहिली, आणि त्यांत अगदी मन मोकळं केलं आहे. इथे विद्वान पुष्कळ जमलेत, पण खुद्द सुलतान आणि गणिती काझीजादा सोडले तर बाकीचे यथातथाच. अमुक प्रश्न कुणाला सुटला नाही, मी सोडवला. तमुक यंत्र कुणाला समजलं नाही, मी समजावलं. परगावी नोकरीला लागलेल्या मुलाने बापाला लिहावं तसंच सगळं. त्यातच तो सांगतो की सुलतानाने एकदा घोड्यावर बसल्या बसल्या, नुसत्या तोंडी हिशेबाने सूर्याचं स्थान अंश-कलांसकट काढलं. आता घोड्यावर बसल्यावर तैमूरच्या नातवाने काय काढायचं असतं? तलवार!

1437 मध्ये उलुग बेगचा कोष्टकांचा ग्रंथ पुरा झाला, 1018 ताऱ्यांची यादी तयार झाली आणि वर्षाची लांबी एका मिनिटाच्या आत बरोबर आली. पण एवढे तारे मोजले त्यात घरचा मुलगा तेवढा नजरेतून सुटला. 1449 मध्ये त्या अब्दुल लतीफनेच बापाचं मुंडकं उडवायला लावलं. 1941 मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी थडगं उघडलं, तेव्हा धड आणि शिर वेगळं असल्याचं दिसलंच. वेधशाळाही उद्ध्वस्त झाली. जमिनीत गाडलेला कमानीचा तुकडा 1908 मध्ये सापडला, तोच काय तो आज बघायला मिळतो.

बरं, हे खूळ तैमूरच्या घरात प्रथम शिरलं असंही नाही. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी चंगीझखानाच्या दोन नातवांना, सख्ख्या भावांना, एकदमच लागण झाली होती. थोरला कुबलाई चीनमध्ये, धाकटा हुलागू इराणात. हुलागूने बगदाद बेचिराख केलं 1258 मध्ये आणि लगेच पुढच्याच वर्षी मराघ्याला वेधशाळेचा पाया घातला! हाताला लागलेलं रक्त वाळायच्या आत चुना. हे त्याच्या गळ्यात घातलं ज्योतिषी नासिरुद्दीन तुसीने. असं सांगतात की हुलागूने विचारलं, होणार ते टळत नाही, मग आधी कळून फायदा काय? तुसीने हुलागूखेरीज कुणालाही न सांगता एक तांब्याचं घंगाळ उंचावरून खाली सोडायला लावलं. धडाडधूम आवाज झाला, अख्खी छावणी घाबरून पळत सुटली. न घाबरलेले दोघंच, कारण दोघांनाच आधीपासून ठाऊक होतं. मंजूर झालं अनुदान! सरकारी पैसा काढायची ही रीत मला तरी फार आवडली. (तुसीचं नाव लक्षात ठेवा, त्याच्या पोथ्या पुढे आपल्याकडच्या एका माणसाच्या हाती लागणार आहेत.)

कुबलाईकडे गुओ शौजिंग हा खगोलज्ञ होता. त्याने हेनानमध्ये गाओचंगला नऊ-दहा मीटर उंचीची एक शंकूची सोय उभारली. शंकू म्हणजे आपला दुपारची सावली मोजायचा खांब. पण सावली जितकी लांब तितकी तिची कड पुसट. इथे संपली म्हणावं तर तिथपर्यंत आहेच. त्यावर या गृहस्थाने काय केलं, तर एका पत्र्याला सुईएवढं भोक पाडलं आणि तो पत्रा सावलीच्या टोकाशी पुढेमागे सरकवला. भोकातून सूर्याची इवलीशी प्रतिमा खाली उतरायची आणि वरच्या आडव्या दांडीची केसासारखी रेघ तिच्या बरोबर मधोमध यायची. संपली कटकट. वर्षाची लांबी निघाली 365.2425 दिवस. पोपने 1582 मध्ये युरोपचं कॅलेंडर सुधारलं तेव्हाचा आकडाही हाच, आणि आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यावरच चालतं. तीनशे वर्षं आधी! आणि भोक पाडायला खर्च आला असेल तो शून्य. एवढ्या मोठ्या खांबाचं चीज त्या पत्र्याने केलं, असं माझं मत.

इस्तंबूलची गोष्ट मात्र ऐकवत नाही. सुलतान तिसरा मुराद याने खगोलज्ञ तकीउद्दीनला 1577 मध्ये वेधशाळा बांधून दिली, आणि त्याच वर्षी आकाशात शेपूट फुटलेला मोठा धूमकेतू उगवला. तकीउद्दीनने मालकाला बरं वाटेल असं भविष्य सांगितलं: शुभ आहे हुजूर, विजय तुमचाच. झालं उलटंच, साथ पसरली, माणसं गेली. धर्मगुरूंनी कान भरले, आणि जानेवारी 1580 मध्ये सुलतानाच्याच हुकमाने सगळी इमारत पाडून टाकली. वेध घेणाऱ्याने भविष्याच्या भानगडीत पडू नये, हे तेव्हापासून कुणी शिकलेलं दिसत नाही.

आता तोच 1577 चा धूमकेतू दुसऱ्या टोकाला कोण बघत होता ते ऐका, कारण या मंडळींत सगळ्यात चवीने बोलण्याजोगा तोच. ट्युको ब्राहे, डेन्मार्कचा उमराव. याला नाकच नव्हतं. म्हणजे होतं, पण विशीत रोस्टॉकला शिकत असताना 1566 मध्ये एका नातलगाशी रात्रीच्या अंधारात तलवारीने भांडला, त्यात नाकाचा तुकडा गेला. गणितात श्रेष्ठ कोण यावरून जुंपली म्हणतात. पुढे जन्मभर धातूचं नाक चिकटवून हिंडला. सोन्या-चांदीचं आहे अशी चारशे वर्षं बोलवा होती. 2010 मध्ये थडगं उघडून तपासलं तर निघालं पितळेचं. थोरामोठ्यांचे दागिने असेच असतात.

लग्नाचं विचाराल तर कर्स्टन नावाच्या, उमराव नसलेल्या बाईबरोबर संसार केला. चर्चमध्ये विधी नाही. पण तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे एखादी बाई तीन हिवाळे उघडपणे घरात राहिली, मालकाच्या पंगतीला जेवली आणि घरच्या किल्ल्या तिच्या कमरेला असल्या, की ती लग्नाचीच. किल्ल्या महत्त्वाच्या! आठ मुलं झाली, आणि घराणं त्या बाईला शेवटपर्यंत आपली म्हणायला तयार नव्हतं. बहीण सोफी मात्र भावाच्या बाजूची. ती स्वतः रात्री जागून त्याच्याबरोबर ग्रहणाचे वेध घ्यायची, आणि तिचे नातलग त्यावरही नाकं मुरडायचे, ज्यांना होती ते.

राजा फ्रेडरिकने 1576 मध्ये त्याला ह्वेन नावाचं अख्खं बेट दिलं. तिथे ‘उरानिबोर्ग’ हा महाल उठला. त्यात यंत्रांचे मनोरे, किमयेची भट्टी, पुढे स्वतःचा छापखाना, कागदाची गिरणी, आणि कुळांना डांबायला तुरुंगसुद्धा! बेटावरच्या शेतकऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस वेठीला जुंपलं. त्यांनी राजाकडे गाऱ्हाणी नेली, पण ताऱ्यांपुढे कुणाचं चालतं? जेवणाच्या टेबलाखाली येप नावाचा बुटका विदूषक बसवलेला असे, आणि वरून मालक त्याला घास टाकी. पाळलेलं सांबर होतं, एल्क जातीचं; ते एका मित्राच्या वाड्यावर धाडलं, तिथे ते बिअर ढोसून जिन्यावरून कोसळलं आणि मेलं. हे मी रचून सांगत नाही, जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे.

पण त्याची भिंत बघा, म्हणजे सगळं माफ कराल. उत्तर-दक्षिण भिंतीवर पितळेचा पाव गोल बसवलेला, त्रिज्या दोन मीटरच्या जवळपास. समरकंदपुढे किरकोळच. तरीही ट्युकोची मापं जास्त बारीक, कारण याने आकारापाठोपाठ कडेची खोड धरली. अंशाच्या दोन खुणांमध्ये आडव्या रेघा मारायला जागा नाही? मग तिरक्या ओळीत ठिपके द्या. दृष्टिरेषा कुठल्या ठिपक्याला छेदते ते बघायचं, की अंशाचे बारीक भाग आपोआप हाती आले. टोकाला नुसतं भोक न ठेवता दोन फटी ठेवल्या. तारा दोन्ही फटींतून सारखाच उजळ दिसला, तरच वेध खरा. एकाने डोळा लावायचा, दुसऱ्याने घड्याळ बघायचं, तिसऱ्याने मेणबत्तीच्या उजेडात लिहून घ्यायचं. आणि हे वीस वर्षं, रात्रीमागून रात्र. यातून चूक उतरली साधारण एका कलेवर. कलेचा अर्थ मघाशीच सांगितला, अंशाचा साठावा हिस्सा.

या सगळ्याचं पुढे झालं काय? नवा राजा ख्रिश्चन गादीवर आला, पैसे आटले, ट्युको 1597 मध्ये रुसून निघून गेला. प्रागला एका मेजवानीत पंगतीतून उठणं शिष्टाचारात बसत नाही म्हणून लघवी दाबून बसला, घरी आल्यावर ती झालीच नाही, आणि ऑक्टोबर 1601 मध्ये गेला. विष घातलं अशी कुजबुज चारशे वर्षं चालू होती. थडगं तपासलं तेव्हा तीही निकालात निघाली. महाल पाडून विटा नेल्या. आणि ते बेट? ख्रिश्चनने पुढे आपल्या ठेवलेल्या बाईला, कारेन आंदर्सदातरला, तहहयात देऊन टाकलं! ताऱ्यांचं माहेर कुणाच्या पदरात पडलं बघा.

वह्या तेवढ्या त्याचा मदतनीस केप्लर याच्या हाती लागल्या. त्याने मंगळाची वर्तुळाकार कक्षा मांडली, ती ट्युकोच्या मापांशी फक्त 8 कलांनी जुळेना. दुसरा कुणी म्हणाला असता, चालायचंच. केप्लर म्हणाला, ट्युको आठ कला चुकणार नाही. वर्तुळ मोडलं, 1609 मध्ये लंबवर्तुळ छापून आलं. आकाशातली दोन हजार वर्षांची वर्तुळं त्या बिननाकाच्या माणसाच्या भिंतीवरच्या ठिपक्यांनी मोडली. त्याच साली गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे फिरवली. आता तरी हे खूळ उतरायला हवं होतं की नाही?

छे! खरी कमाल तर पुढेच आहे. दुर्बीण येऊन शंभर वर्षं उलटल्यावर आपल्याकडे एकाच्या डोक्यात ते नव्याने शिरलं. सवाई जयसिंग, आमेरचा. मिर्झाराजे जयसिंगाचा खापरपणतू, तेच मिर्झाराजे, ज्यांचं नाव काढलं की आपल्याला पुरंदर आणि 23 किल्ले आठवतात. हा पोरगाही चौदाव्या वर्षाच्या आसपास, 1702 मध्ये, औरंगजेबाच्या फौजेबरोबर आपल्या विशाळगडाला वेढा घालून बसला होता. मोठा झाल्यावर त्याने गड सोडले आणि आकाशाला वेढा घातला. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, काशी, एक नव्हे, पाच वेधशाळा! दिल्लीची 1724 ची. मथुरेची 1857 च्या आधीच पाडली गेली, बाकी चार उभ्या आहेत.

याचं म्हणणं काय, तर पितळेची यंत्रं बेभरवशाची. लहान असतात, त्यांवर कला कोरता येत नाहीत, आस झिजून डुगडुगतो, केंद्र सरकतं. म्हणून दगड आणि चुना. जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत 27 मीटर उंच. तिच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखे उघडलेले संगमरवरी चाप, त्यांवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा. सावली दर सेकंदाला मिलिमीटरभर सरकते. पुढे वाकून पाहिलं तर ती सरकताना दिसते, आणि पहिल्यांदा बघणारा हमखास हात मागे घेतो.

आता भांडण इथेच आहे. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे एवढ्या लांबवरच्या भिंतीची सावली चापावर पोचेतो तिची कड 13 सेंटिमीटरच्या पट्ट्यात पुसट होते. वेळेत मोजलं तर दोन मिनिटांचा घोळ. खुणा दोन सेकंदांच्या आणि घोळ दोन मिनिटांचा! टीकाकार इथे टाळ्या पिटतात. पण सरावाचा माणूस त्या पुसट पट्ट्यावर ताणलेला दोरा किंवा बारीक काडी धरतो आणि तिची सावली मोठ्या सावलीत नेमकी कुठे विरते ते टिपतो. काही सेकंदांपर्यंत उत्तर येतं. म्हणजे लाखोंच्या भिंतीची अब्रू शेवटी काडीने राखली. गुओ शौजिंगचा पत्रा, ट्युकोचे ठिपके, जयपूरची काडी, या गोष्टी मला भिंतीहून जास्त आवडतात.

आणि जयसिंगाला दुर्बीण माहीत नव्हती असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच्याकडे दुर्बिणी होत्या. शुक्राच्या चंद्रासारख्या कला आणि गुरूचे उपग्रह त्याच्या ग्रंथात आहेत. आग्र्याच्या पाद्री फिगेरेदूला त्याने माणसं बरोबर देऊन गोव्यामार्गे थेट लिस्बनला धाडलं, फिरंग्यांची कोष्टकं आणायला. आली ती ला हिर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टकं. यांनी ताडून पाहिली, तर चंद्र अर्ध्या अंशाने चुकलेला! फिरंग्यांची चूक काढली म्हणून गडी केवढा खूश झाला असेल. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडे दुर्बिणीलाच कोनमापक जोडून मापं घ्यायला लागले होते, ती गोष्ट त्याच्या माणसांनी आणली नाही. हा मात्र मोठा घात झाला. खूळ खरं होतं, पण शंभर वर्षं उशिरा लागलं.

या घरातला कर्ताकरविता पंडित मात्र आपल्याकडचा. जगन्नाथ सम्राट, दक्षिणेतून गेलेला महाराष्ट्रीय ब्राह्मण अशी त्याची ख्याती. जयसिंगाने त्याला अरबी-फारसी शिकायला लावलं, आणि त्याने तुसीच्या अरबी पोथ्यांवरून युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला. त्या काळी एखाद्या भटजीने म्लेंच्छ लिपी गिरवावी! घरच्या मंडळींनी काय आकांत केला असेल तो असो, पण ‘रेखागणित’ 1901-02 मध्ये मुंबईला छापलंसुद्धा गेलं. जयपूरच्या यंत्रांची डागडुजी त्याच सुमारास झाली, आणि त्यात हिंदीत ‘उसने कहा था’ ही कथा लिहिणाऱ्या चंद्रधर शर्मा गुलेरींचा हात होता.

बाकी आपल्या मुलखात हा बादशाही थाट कधी चालला नाही. पैसाच नव्हता म्हणा, किंवा अक्कल जास्त होती म्हणा. भास्कराचार्यांनी यंत्रांचं प्रकरण लिहिलं, त्यात सगळी यंत्रं सांगून झाल्यावर शेवटी काठी हातात दिली आणि तिला धीयंत्र म्हटलं: बुद्धी असेल तर एवढी पुरते. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, 1520 च्या ‘ग्रहलाघवा’चे कर्ते, त्यांनी चाबकाच्या दांड्यासारखं प्रतोदयंत्र केलं. दांड्याला वर एक खुंटी, खाली महिन्यांप्रमाणे खुणा. उन्हात धरा, सावली खाली कुठवर उतरली ते बघा, वेळ कळली. खर्च, एका दांड्याचा.

तरीही पक्षपात न करता सांगायचं तर काठीने आठ कला सापडल्या नसत्या, आणि त्या सापडल्या नसत्या तर केप्लर वर्तुळातच फिरत बसला असता. तेव्हा या खर्चिक मंडळींना फार बोलू नये.

महाकालाच्या दर्शनाला दरवर्षी आपल्याकडून इतकी माणसं उज्जैनला जातात. दर्शन झालं, पोहे-जिलबी झाली, की रिक्षावाल्याला वेधशाळा सांगा. जयसिंगाची आहे, 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली, आणि अजूनही दरवर्षी ग्रहस्थितीचं पुस्तक काढते. तिथल्या सम्राट यंत्राची वेळ तुमच्या घड्याळाच्या जवळपास 27 मिनिटं मागे दिसेल, ऋतूप्रमाणे आणखी पाव तास इकडे-तिकडे. तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. भिंत उज्जैनची वेळ सांगते, आणि आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची.